रुईच्या झुडपापासून सुरुवात: टायगर आणि क्रो फुलपाखरं ओळखताना

शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा विकायला असतात. एखादी माळ हातात घेतलीत तर वाहण्याआधी पानं उलटून बघा. पानाच्या मागे खसखशीच्या दाण्याएवढा, पांढुरका, उभट मणी चिकटलेला दिसला, तर ते प्लेन टायगर या फुलपाखराचं अंडं असण्याची दाट शक्यता आहे. मी स्वतः फुलपाखरं बघायला लागलो तो पंखांचे रंग पाठ करून. पहिले दोन पावसाळे त्यातच गेले आणि निम्म्या नोंदी चुकल्या. आता नव्या माणसाला मी उलटा क्रम सांगतो: आधी झाड, मग पाय, मग अंगावरचे ठिपके, आणि पंख सगळ्यात शेवटी.

हा लेख एकाच गटाबद्दल आहे. इंग्रजी नावांत टायगर आणि क्रो म्हणतात ती फुलपाखरं. महाराष्ट्र-गोव्यात ती बाराही महिने कुठे ना कुठे दिसतात, संथ उडतात, फोटोला थांबतात आणि जाळ्याची गरजच पडू देत नाहीत. शिकायला याहून सोयीचा गट मला माहीत नाही.

त्याआधी शब्दांचा एक गुंता

वर्गीकरणाची उतरंड शाळेत शिकलेलीच आहे: गण, कुळ, प्रजाती, जाती. इथे मराठी वाचकाची हमखास गफलत होते. जीवशास्त्राच्या परिभाषेत ‘जाती’ ही सगळ्यात खालची पायरी, म्हणजे प्लेन टायगर ही एक जाती. जवळच्या जातींचा गट म्हणजे ‘प्रजाती’. वर्तमानपत्रं मात्र सर्रास उलटं लिहितात: ‘अभयारण्यात फुलपाखरांच्या शंभर प्रजाती’. त्यांना म्हणायच्या असतात जाती. मी या लेखात परिभाषेप्रमाणेच लिहितो आहे. कुळ आणि प्रजाती यांच्या मध्ये ‘उपकुळ’ नावाची एक पायरी असते, आणि आपल्या गटाची सगळी गंमत त्याच पायरीवर आहे.

पायरी 1: झुडूप गाठा

रिकामा प्लॉट, रेल्वेची कड, टेकडीचा पायथा, रुई कुठेही सापडते. पुण्यात वेताळ टेकडी, ठाण्यात येऊर, किंवा तुमच्या सोसायटीमागची पडीक जागा, कुठलीही चालेल. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ धरा. पावसाळा सरता सरता, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, सगळ्यात भरगच्च हंगाम असतो.

रुईपाशी तपकिरी-केशरी फुलपाखरू घुटमळत असेल तर दोन मिनिटं नुसतं बघत राहा. मादी पानावर उतरते, पुढच्या आखूड पायांनी पानावर टकटक करते, पसंत पडलं तर शेपूट वाकवून एकच अंडं चिकटवते आणि उडते. ती टकटक म्हणजे चव घेणं. त्या पायांवर चव कळणारे केस असतात.

रुईखेरीज अळ्यांच्या खाण्याची आणखी पाच झाडं ओळखून ठेवा. रस्त्याच्या दुभाजकावरची कण्हेर कॉमन क्रोसाठी, वड-उंबरही त्याच्यासाठीच. कुंपणावर चढणारी हरणदोडी ब्लू टायगरसाठी. आणि बागेतली लाल-पिवळ्या फुलांची काकतुंडी, जिला काही ठिकाणी हळदीकुंकू म्हणतात, ती प्लेन टायगर आणि स्ट्राइप्ड टायगर दोघांसाठी. वड-उंबर सोडले तर ही सगळी एकाच कुळातली, कण्हेरीच्या कुळातली, आणि बहुतेक चिकाची आहेत. पूर्वी रुईचं कुळ वेगळं मानत. 1998 पासूनच्या नव्या वनस्पती-वर्गीकरणात ते कण्हेरीच्या कुळात विलीन झालं. त्यात मजा अशी की तिच्यावर वाढणाऱ्या फुलपाखरांचंही अगदी तसंच झालं आहे. ते पुढे येईलच.

पायरी 2: पाय मोजा

फुलपाखरू हा कीटक, म्हणजे पाय सहा. पण प्लेन टायगरचा बाजूने काढलेला फोटो मोठा करून बघा. उभं राहायला वापरलेले पाय चारच दिसतील. पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते, आणि बऱ्याच जातींत तिच्यावर केसांचा झुपका असतो, रंगाच्या कुंचल्यासारखा. म्हणून या कुळाचं मराठी नाव कुंचलपाद.

या कुळात जगभरात सुमारे 6000 जाती आहेत. फुलपाखरांचं हे सगळ्यात मोठं कुळ. पॅन्सी, सेलर, एगफ्लाय, इव्हिनिंग ब्राऊन, सगळी यातलीच.

सरावासाठी उलटं उदाहरण घ्या. 2015 मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन, म्हणजे निलवंत, हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. तो चिखलावर पाणी शोषायला बसला की सहाही पाय टेकवून बसतो. तो कुंचलपाद नाही, पुच्छ, म्हणजे स्वॉलोटेल, कुळातला आहे. निलवंत आणि प्लेन टायगर यांचे बाजूने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवलेत की हा फरक पुन्हा विसरणार नाही.

दोन खबरदाऱ्या. फुलावर बसलेल्या फुलपाखराचे पाय पाकळ्यांत बुडतात, तिथे मोजणी करू नका. पानाची कड किंवा ओली माती बघा. आणि नियमाला अपवाद आहे: लांब चोचीसारखं तोंड असलेली बीक फुलपाखरं. कुंचलपादांच्या झाडात ती अगदी बुडाशी फुटलेली फांदी, आणि त्यांच्या माद्यांचे पुढचे पाय पूर्ण वाढलेले असतात. सह्याद्रीत क्लब बीक भेटलं तर गोंधळू नका.

पायरी 3: डोक्यावर आणि छातीवर ठिपके आहेत का?

कुंचलपाद कुळाची हल्ली साधारण 12 उपकुळं मानतात. आपलं उपकुळ डॅनाइनी. ते ओळखायला पंख लागतच नाहीत. डोकं आणि छाती काळी, त्यावर पांढरे शुभ्र ठिपके, जणू काळ्या कापडावर तांदूळ सांडलेत. टायगर असो वा क्रो, ही खूण चुकत नाही. बारकाईने बघणाऱ्यासाठी आणखी एक: त्यांच्या मिशांवर खवले नसतात, त्या उघड्या आणि गुळगुळीत असतात. यासाठी भिंग किंवा फार चांगला मॅक्रो फोटो हवा, नव्या माणसाने मागे लागू नये.

चालसुद्धा बघा. ही फुलपाखरं घाई करत नाहीत. दोनदा पंख हलवायचे आणि तरंगायचं. अळीपणी चिकाच्या झाडांतून घेतलेली विषारी द्रव्यं अंगात असतात, त्यामुळे पक्षी एकदा तोंड घालून धडा शिकतो. कडू कारलं तुपात तळलं तरी कडूच, तसं हे अळीपणचं कडूपण कोषातून जाऊनही उरतं. एखाद्या पक्ष्याने चोच मारलीच, तरी त्यांचं अंग चामड्यासारखं चिवट असतं. पकडलं की मेल्याचं सोंग करतात आणि सुटली की उडून जातात. पंखाचा चोचीच्या आकाराचा तुकडा न उडालेला क्रो हंगामाच्या शेवटी शोधावाच लागतो.

आता ती विलीन होण्याची गोष्ट. भारतीय फुलपाखरांच्या जुन्या पुस्तकांत हे वेगळं कुळ म्हणून छापलेलं सापडेल. तेव्हा ते चूक होतं असं नाही. दिसायला गट इतका वेगळा आहे की स्वतंत्र कुळ द्यावंसं वाटणारच. पुढे शरीररचना आणि नंतर डीएनए यांवरून नातेसंबंध तपासले गेले, आणि ही कुंचलपादांच्याच झाडाची एक जुनी फांदी आहे हे पक्कं झालं. कुळाचं उपकुळ झालं. जुनं पुस्तक आणि नवं संकेतस्थळ यांत विसंगती दिसली तर कारण बहुधा हेच.

या फांदीला तीन डहाळ्या आहेत, त्यांना ट्राइब म्हणतात. एक न्यू गिनी-ऑस्ट्रेलियाकडची छोटीशी. दुसरी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, पारदर्शक काचपंखी फुलपाखरांची. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलात वर्षानुवर्षं राहून 1862 मध्ये नकलेचा सिद्धांत मांडला, तो याच काचपंखींची नक्कल करणारी फुलपाखरं बघून. तिसरी डहाळी आपली. भारतातले सगळे टायगर आणि क्रो तिच्यावरच आहेत.

पायरी 4: टायगर की क्रो, आणि मग कोणता?

आपल्या डहाळीचे परत दोन फाटे: एकावर टायगर, दुसऱ्यावर क्रो.

केशरी असेल तर प्रजाती डॅनॉस. इथे नेहमी भेटणारे दोघे: पंखांच्या शिरांवर काळ्या रेघा आखलेल्या असतील तर स्ट्राइप्ड टायगर, पंख नितळ केशरी असतील तर प्लेन टायगर. दोघांच्या पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्यावर पांढरा पट्टा असतो, त्यामुळे टोकाकडे बघून ठरवू नका, शिरा बघा.

काळ्यावर निळसर पट्टे आणि ठिपके असतील तर प्रजाती तिरुमला. हो, तिरुमला. हे नाव लंडनच्या ईस्ट इंडिया संग्रहालयात काम केलेल्या फ्रेडरिक मूरने 1880 मध्ये ठेवलं. ग्रीक-लॅटिन नावांच्या गर्दीत असं घरचं नाव दिसलं की बरं वाटतं. ब्लू टायगरचे निळे पट्टे रुंद आणि फिके, डार्क ब्लू टायगरचे अरुंद, त्यामुळे एकूण फुलपाखरू जास्त काळं दिसतं. दोन्ही एकाच ओल्या जागी शेजारी बसलेले मिळाले तर फरक लगेच डोळ्यांत भरतो; एकटा मिळाला तर पहिले काही महिने चुका होणार, हे धरून चाला.

पट्टे पांढुरके, धुरकट काचेसारखे आणि फुलपाखरू थोडं लहान असेल तर ग्लासी टायगर, प्रजाती पॅरँटिका. हा सावलीतला. आंबोलीसारख्या ओलसर जंगलात जास्त भेटतो, उघड्या माळावर कमी.

क्रोची प्रजाती यूप्लिया. गडद तपकिरी-काळे पंख, कडेला पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. आपल्याकडे दिसणारे बहुसंख्य क्रो म्हणजे कॉमन क्रो. डबल-ब्रँडेड क्रो जवळपास तसाच असतो. नराच्या पुढच्या पंखावर गंधखवल्यांचे दोन पट्टे असतात, कॉमन क्रोच्या नराला एकच. मादी असेल तर नोंदीत ‘यूप्लिया, जाती अनिश्चित’ असं लिहा आणि पुढे जा. त्यात कमीपणा काही नाही. अनुभवी लोक हेच करतात.

क्रोच्याच फाट्यावर एक पाहुणा आहे जो रंगावर विसंबणाऱ्याला नक्की फसवतो. मलबार ट्री निम्फ, प्रजाती आयडिया. कागदासारखे पांढरे पंख, त्यावर काळे ठिपके, पंख पसरले की 12 ते 15 सेंटिमीटर. सह्याद्रीशिवाय जगात कुठेही नाही. गोव्यातल्या सदाहरित जंगलात उंच झाडांच्या शेंड्याशी ते पतंगाची दोरी तुटल्यासारखं तरंगताना पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मी कॅमेरा हातात असून उचलला नाही. काळ्याकुट्ट क्रोचा हा सख्खा भाऊबंद आहे असं रंगावरून कुणाला सुचेल?

पायरी 5: नर की मादी

प्लेन टायगरने पंख मिटले की मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके मोजा. तीन असतील तर मादी. चार असतील आणि त्यातल्या एकाचा मध्य पांढरा असेल तर नर. तो चौथा ठिपका म्हणजे सुगंधाची पिशवी.

ही पिशवी भरण्याची खटपट बघायची असेल तर खुळखुळा शोधा. घागरीही म्हणतात त्याला, शेंगा वाळल्या की आत बिया वाजतात तो. किंवा भुरुंडी, विंचवाच्या नांगीसारखा वळलेला तुरा असणारी. त्यांच्या सुकत चाललेल्या फांद्यांवर सकाळी टायगर आणि क्रोंचे नर झुंबड करतात. फूल नाही, मध नाही, तरी सोंड लावून वाळकं देठ चाखत असतात. तिथून ते पायरोलिझिडिन गटातली अल्कलॉइड घेतात. त्यापासून मादीला रिझवणारा गंध तयार होतो, आणि अंगातलं कडूपणही वाढतं. मी भुरुंडीची उपटलेली जुडी दोरीने गॅलरीत टांगून ठेवतो. फुलझाडांच्या चार कुंड्यांपेक्षा त्या वाळक्या जुडीवर जास्त फुलपाखरं येतात. घरच्यांना मात्र ती काढून टाकायची घाई असते.

पायरी 6: तोतया पकडा

कडू फुलपाखराचा वेश घेतला की न कडू होता संरक्षण मिळतं. त्यामुळे आपल्या गटाचे तोतये भरपूर आहेत.

कॉमन माइम हा पुच्छ कुळातला. त्याचं एक रूप क्रोसारखं, दुसरं ब्लू टायगरसारखं. एकाच जातीची दोन सोंगं. पण पाय मोजा: सहा. सोंग तिथेच उघडं पडतं.

एगफ्लाय अवघड, कारण ती स्वतः कुंचलपादच आहे आणि तिचेही चारच पाय दिसतात. डॅनाइड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगर. नर मात्र काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा, तो कुणाला फसवत नाही. मादी ओळखायची खूण मागच्या पंखावर: प्लेन टायगरला मध्यावर तीन-चार काळे ठिपके, एगफ्लायला वरच्या कडेला फक्त एक. माझ्या चुकलेल्या नोंदींपैकी बऱ्याच या मादीमुळे चुकल्या, आणि कळलं ते जुने फोटो परत मोठे करून बघितल्यावर. ग्रेट एगफ्लायची मादी क्रोची नक्कल करते. कॉमन पामफ्लायची मादी टायगरसारखी केशरी असते, पण ती ताड-माडांच्या सावलीत पंख मिटून बसते, आणि मिटलेला पंख वाळक्या पानासारखा दिसतो.

पायरी 7: नोंद, आणि मोनार्कचा घोळ

प्रत्येक फुलपाखराचे तीन फोटो काढा: पंख उघडे, पंख मिटलेले, आणि ज्या झाडावर बसलं त्याचं पान. तारीख, जागा, वेळ लिहा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकलं तर जाणकार दुरुस्ती करतात. बटरफ्लाइज ऑफ इंडिया या संकेतस्थळावर प्रत्येक जातीचे नर, मादी, अळी, कोष यांचे फोटो ताडून बघता येतात.

ॲपने स्ट्राइप्ड टायगरला ‘मोनार्क’ म्हटलं तर मान्य करू नका. मोनार्क अमेरिकेतला, महाराष्ट्रात नाही. हा घोळ ॲपच्या फार आधीचा आहे. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसने 1758 मध्ये ‘प्लेक्सिपस’ हे नाव दिलं तेव्हा ते नेमकं कोणाचं यावरून पुढे वाद झाला, आणि भारतातल्या जुन्या पुस्तकांत आपल्या स्ट्राइप्ड टायगरलाच प्लेक्सिपस म्हटलेलं आहे. शेवटी प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1954 मध्ये ते नाव अमेरिकेच्या मोनार्कला कायम केलं. आपला स्ट्राइप्ड टायगर आता डॅनॉस जेन्युशिया. डॅनॉस आणि प्लेक्सिपस ही नावं ग्रीक पुराणातली आहेत: डॅनॉस राजाच्या पन्नास मुली, आणि त्यांच्याशी लग्न लावलेले त्याच्या भावाचे पन्नास मुलगे. क्रिसिपस आणि प्लेक्सिपस हे त्यातले दोघे. प्लेन टायगर म्हणजे डॅनॉस क्रिसिपस.

पायरी 8: एक अळी वाढवा

अंडं किंवा छोटी अळी असलेलं रुईचं पान घरी आणा. अभयारण्यातून नको, तिथलं पानही उचलू नये. प्लास्टिकचा डबा, तोंडाला सुती फडकं, तळाशी वर्तमानपत्र. रोज ताजं पान, रोज साफसफाई. एका डब्यात एकच अळी ठेवा. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा पान तोडल्यावर साबणाने हात धुवा आणि हे काम लहान मुलांवर सोपवू नका.

अळी खायला सुरुवात कशी करते ते बघण्यासारखं आहे. आधी ती पानाची शीर चावते किंवा गोल चर कातरते, चीक वाहून जाऊ देते, आणि मग आतला भाग खाते.

अळीच्या अंगावर मऊ, काळी शिंगं असतात. त्यांच्या जोड्या मोजा. प्लेन आणि स्ट्राइप्ड टायगरला तीन जोड्या. ब्लू टायगर आणि ग्लासी टायगरला दोन. कॉमन क्रोला चार. पंखांवर वाद होऊ शकतो, शिंगांच्या मोजणीवर होत नाही.

कोषही वेगळे. प्लेन टायगरचा हिरवा किंवा फिका गुलाबी, क्रोचा चांदीच्या वर्खात गुंडाळलेल्या पेढ्यासारखा चकचकीत. कोष उलटा टांगलेला असतो. डबा हलवू नका, आडवा करू नका. रंग काळपट होऊन आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसायला लागली, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर येणार. त्या सकाळी डब्याचं फडकं काढून डबा खिडकीत ठेवा. ओले पंख वाळून उडण्याजोगे व्हायला तास-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात ते रिकाम्या कोषाला धरून अगदी स्थिर लटकलेलं असतं. पाय मोजायला याहून चांगली संधी मिळत नाही.